पालखीचं वजन एकोणतीस किलो

वरसे, ता. रोहा
गुढीपाडव्याचा दुसरा दिवस, सकाळ

तीर्थरूप महादेवदादांस,

धाकट्या दिनानाथाचा वाकून नमस्कार. (पायांना हात लावला असं समजावं. गुडघ्यांना लावत नाही, ते दुखतात हे ठाऊक आहे.) अनसूयावहिनींनाही नमस्कार. तुमची साखर, वहिनींचा खोकला आणि पेणच्या घराच्या न्हाणीघराचा दरवाजा, या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावं. पहिल्या दोघांसाठी पेणला चांगले डॉक्टर आहेत. तिसऱ्याचं औषध माझ्याकडे आहे आणि ते तुम्ही सहा वर्षं घेत नाही. दर पावसाळ्यात तो लाकडी दरवाजा फुगतो, वहिनी आत अडकतात, तुम्ही बाहेरून लाथ मारता आणि मग आठवडाभर गुडघा शेकत बसता. एका फायबरच्या दरवाजाने दोन माणसं सुखी झाली असती, पण माझ्या हातचं काही घरात लावायचं म्हणजे तुमच्या जिवावर येतं. असो. आमच्याकडे सर्व क्षेम. नूतनची तब्येत उत्तम, माझी तिच्या मते जरुरीपेक्षा जास्त उत्तम, वजन ब्याऐंशी किलो. (हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे लागेल.)

पत्र पाहून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तुम्ही ‘बरं, ठेवतो’ यापलीकडे जात नाही, आणि घरच्या ग्रुपवर मी पाठवलेल्या प्रत्येक टाकीच्या फोटोला नुसता अंगठा दाखवता. अंगठ्याला उत्तर काय द्यायचं हे मला अजून उमजलेलं नाही. शिवाय जे सांगायचं ते लांब आहे आणि तुम्ही जन्मभर वह्या तपासल्यामुळे कागदावरचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, हा माझा अनुभव आहे.

माझ्या लग्नात तुम्ही नूतनच्या वडिलांना सांगितलं होतं की आमच्या दिनाचा प्लास्टिकचा धंदा आहे. सासरे मग जाईपर्यंत मला बादल्यांबद्दल विचारत राहिले. दादा, तीस वर्षं झाली, आता तरी ऐका. नुसतं प्लास्टिक म्हणजे रेझिन, पातळ चिकट पाक. त्यात काचेच्या तंतूंची चटई भिजवून थरावर थर चढवायचे. मोडलेल्या हाताला डॉक्टर जाळीची पट्टी आणि प्लॅस्टर मिळून घालतात ना, तसंच. एकटी पट्टी लोंबेल, एकटं प्लॅस्टर फुटेल, दोन्ही मिळून हाड धरून ठेवतात. आपल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत तेजाबाची लोखंडी टाकी तीन वर्षांत चाळणी झाली होती. तिच्या जागी मी बसवलेली फायबरची टाकी अकराव्या वर्षात आहे, तिच्या पोटात रोज तेजाब असतं आणि तिला साधा ढेकरसुद्धा येत नाही. खाडीकडच्या जेटीवर खाऱ्या वाऱ्याने लोखंडी जाळ्या पापडासारख्या मोडायच्या, आता माझ्या पिवळ्या जाळ्यांवरून कोळणी पाट्या घेऊन ठणठणीत चालतात. वायरमनच्या शिड्या माझ्या, कारण फायबरमधून वीज जात नाही. जिते गावच्या एका मळ्यातली पाण्याची टाकी माझी, दोघांनी उचलून माळ्यावर चढवली, क्रेन लागली नाही. गंजत नाही, कुजत नाही, वाळवी तिला तोंड लावत नाही, आणि साचा असेल तो आकार घेते. (दोषही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दिना जाहिरात करतोय. नुसती उन्हात टाकली तर वरून पांढरी पडते, म्हणून वरचा थर चांगला द्यावा लागतो. आणि घासताना जी काचेची कूस उडते ती अंगाला अशी खाजते की माझे कपडे नूतन तीस वर्षं वेगळ्या बादलीत धुते. तीही बादली फायबरची नाही, हे कबूल.)

आता मूळ विषयाकडे येतो. गावच्या बहिरीदेवाची पालखी. तुम्ही बसला असाल तर उठू नका, उभे असाल तर बसा.

तुम्हाला वेगळं सांगायला नको की पालखीचा पुढचा उजवा खांदा आपल्या घराचा. आजोबांचा होता, आप्पांचा होता, मग एकतीस वर्षं तुमचा. तीन वर्षांमागे देवळाच्या पायऱ्यांवर पालखी तुमच्या बाजूने कलली आणि देवाचा मुखवटा पडता पडता राहिला. (ती गोष्ट मी काढत नाही.) पुढच्या चैत्रात तुम्ही आला नाहीत, बोर्डाचे पेपर तपासायला आले होते म्हणून. तुम्हाला निवृत्त होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, तरी गावाने मान डोलावली. गेल्या वर्षी वहिनींचा खोकला होता. वहिनी मात्र जत्रेला आल्या होत्या आणि खोकल्या नाहीत. यंदा तिसरं वर्ष, आणि सलग तीन वर्षं खांदा रिकामा राहिला की मान शेजारच्या घराला जातो, हा नियम तुम्हीच मला लहानपणी शिकवलात. शेजारचं घर म्हणजे गोरखचं. डावा पुढचा खांदा त्यांचा आहेच, आता उजवाही मिळेल म्हणून त्याचा धाकटा भाऊ जानेवारीपासून रोह्याला जिममध्ये जातो. मला खांदा देता येत नाही, कारण मान थोरल्याचा आणि त्याच्यामागे थोरल्याच्या मुलाचा. तुमच्या अथर्वला मी फोन केला होता. तो म्हणाला, काका, माझा खांदा कंप्युटरने गेलाय, फिजिओ चालू आहे. ज्या घराण्याने तीन पिढ्या देव वाहिला त्यातल्या मुलाचा खांदा माउस हलवून गेला, हे आप्पांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते ते मी लिहीत नाही.

तर माघात गावची बैठक झाली. सरपंच दर्शनाताई (आपल्या पलीकडच्या आळीतली, तुमचीच विद्यार्थिनी) म्हणाल्या की पालखीला माणसं मिळेनाशी झालीत. निम्मे पोरगे शिफ्टला, निम्मे पनवेलला, आणि पालखी सागवानी, एकशे बारा किलो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, पालखी मी करतो, फायबरची, माझ्यातर्फे देवाला. हुबेहूब तीच, नक्षीसकट, आणि वजन तिसाच्या आत. बैठकीत अशी शांतता पसरली की मला वाटलं लोक भारावले. मग मागून पुतळीआजी म्हणाली, “देवाला काय संडासाच्या दाराची पालखी करता काय रं?” हा विचार तुमच्या घरातून तिच्यापर्यंत कसा पोचला ते मला कळलं नाही.

शेवटी जनूकाका गुरवांनी देवाला कौल लावला. मुखवट्यावर दोन कळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर मी गप्प. उजवी पडली. गोरख म्हणाला पंख्याच्या वाऱ्याने पडली. पंखा बंद करून पुन्हा लावला, पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा लावायची त्याची तयारी होती, पण जनूकाका म्हणाले, “देवाला उलटतपासणी करतोस व्हय?” तेव्हा तो विषय मिटला. दादा, मी कौल मानणाऱ्यातला आहे की नाही ते सोडा, पण त्या दिवशी फायबरला देवाने दोनदा होकार दिला आणि तुम्ही सहा वर्षांत एकदाही दिलेला नाही, एवढं मी नोंदवून ठेवलं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. तो तुमच्या कानावर दुसऱ्याकडून येण्यापेक्षा माझ्याकडून आलेला बरा. जुन्या पालखीवरून साचा काढायचा तर आधी तिला मेणाचं पॉलिश तीन-चारदा चोळावं लागतं, म्हणजे साचा तिला चिकटत नाही. हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. मी मेणाचा डबा उघडला आणि जनूकाकांनी तो हातात घेऊन वास घेतला. हे मेण कशाचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कंपनीचं. ते म्हणाले, कंपनीचं म्हणजे कुठल्या जनावराच्या चरबीचं ते सांग, देवाच्या पालखीला मी चरबी लावू देणार नाय. डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मला चष्म्यानेही वाचता येईना. मग त्यांनीच तोड काढली, साजूक तूप. त्यानं पण बुळबुळीत होतं, त्यानं पण सुटंल. माझा कृष्णा हिलम (वाडीवरचा, तुम्ही सातवीत दोनदा ठेवलेला, आणि आज सगळ्या तालुक्यात त्याच्यासारखा थर मारणारा हात नाही) मला बाजूला घेऊन म्हणाला, “शेठ, तुपानं नाय सुटायचं. रेझिन तूप खाऊन बसंल.” मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण समोर पन्नास माणसं, कौल नुकता मिळालेला, आणि कुठे बिनसलं तर यंदाची पालखी गेली. मी छाती काढून म्हणालो, तीस वर्षांचा अनुभव आहे माझा, तुपाने सुटेल. नूतनने घरचं दोन किलो तूप काढून दिलं. (ते तुमच्यासाठी पेणला पाठवायचं होतं. यंदा तूप का आलं नाही याचा खुलासा झाला असेल.)

साचा बघून तुम्हाला आनंद झाला असता. प्रत्येक बाजूला चार थर, कृष्णाने रोलर फिरवून एक बुडबुडा राहू दिला नाही. ऊन चांगलं होतं, तासाभरात दगडासारखा झाला. मग आम्ही तो काढायला गेलो आणि निघेना. पाचर मारली, निघेना. पाणी ओतलं, हवा मारली, लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी ठोकलं, निघेना. देवाची पालखी पिवळ्या कवचात अडकून माझ्या शेडमध्ये आणि गावभर बातमी, दिनानाथने पालखीला प्लास्टिकमध्ये पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडबाहेर बायका बसल्या होत्या, दुःखाला जातात तशा. गोरखने बिनबोभाट एक पहार आणून ठेवली. जनूकाका दाराशी बसून डोळे मिटून जप करत होते आणि मधेच एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होते, त्या डोळ्यात तुपाबद्दल काही नव्हतं. मी पेणच्या गणपतीवाल्यांना फोन करणार होतो. ती माणसं जन्मभर साचे काढतात, तुमच्या गल्लीतच आहेत. पण ते तुम्हाला सांगतील आणि तुम्ही अंगठा दाखवाल, म्हणून केला नाही.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कृष्णाने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मलासुद्धा. एकटा आत बसून त्याने बांबूच्या पातळ चिपा तासल्या, कडेकडेने इंच इंच सारल्या, कोमट पाणी सोडत गेला, आणि दुपारी आतून कडाड आवाज आला. मी धावलो. साचा सुटला होता, अखंड, नक्षीच्या एका पाकळीलाही धक्का नाही. पण साच्याबरोबर जुन्या पालखीचा एक कोपरा निघून आला होता, जिथे दांडी बसते ती खोबण. बायकांनी एकच गलका केला. आणि तेवढ्यात त्या कोपऱ्यातून भुसा गळायला लागला. दोन ओंजळी भुसा, आणि त्यात वाळवी. बाहेरून शेंदूर आणि तेलाचं कवच, आत लाकूडच नाही. कृष्णाने बोट घातलं ते आरपार गेलं. एकशे बारा किलोची पालखी त्या बाजूला शेंदरावर उभी होती, दादा. यंदा तीच उचलली असती तर काय झालं असतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. जनूकाकांनी भुशाला हात लावला, कपाळाला लावला, आणि म्हणाले, “दिनू, ते तूप देवानंच लावाया लावलं.” म्हणजे माझी चूकसुद्धा शेवटी त्यांनी देवाच्या नावावर घेतली. मेणाने साचा अलगद सुटला असता आणि तो कोपरा तसाच राहिला असता, हे खरंच होतं.

नवी पालखी मी स्वतः आणि कृष्णाने केली, अठरा दिवस, कंपनीचं एक काम मागे ठेवून. सागवानी रंगाचा वरचा थर, उन्हाला दाद न देणारा. दांड्या पोकळ, पण त्यात काचेचे दोर उभे घातलेत. तयार झाल्यावर दर्शनाताईंसमोर तिच्यावर तांदळाची आठ पोती ठेवली, चारशे किलो, आणि चार तास ठेवली. कुरकुरली नाही. मग काट्यावर घातली. एकोणतीस किलो. मी तो काटा तीनदा शून्य करून बघितला. एकोणतीस. फायबर साच्यातली खूण न् खूण उचलतं म्हणतो ना मी, ते खरंच सगळं उचलतं. आजोबांच्या काळचा झिजलेला मोर, आप्पांच्या समईचा डाग, आणि उजव्या दांडीच्या खालच्या अंगाला खिळ्याने कोरलेला ‘म’. आठवतं का? तुम्ही चौदा वर्षांचे, मी नऊचा. त्या ‘म’साठी आप्पांनी मार मला दिला होता, कारण थोरला असलं करणार नाही अशी त्यांची खात्री होती. तो ‘म’ नव्या दांडीवर जसाच्या तसा आलाय. वाळवीला पुरून उरला आणि आता आणखी शंभर वर्षं टिकेल.

परवा रंगीत तालीम झाली. मुखवट्याच्या वजनाइतकं तांदळाचं पोतं आणि त्यावर देवाचा नारळ. पुढे डावीकडे गोरख. मागे मी आणि दर्शनाताईंचे यजमान. पुढे उजवीकडे, तुमच्या जागी, कुणीच उभं राहीना, कारण जागा तुमची आहे आणि जत्रेच्या पौर्णिमेपर्यंत तुमचीच आहे. तेव्हा मी कृष्णाला उभं केलं. वाडीवरच्याने खांदा द्यायचा का, अशी कुजबुज झालीच. जनूकाका म्हणाले, “ज्यानं बनवली त्याला उचलाया नाय देणार, तर मग बनवून कशाला घेतली?” त्या दिवशी मी जनूकाकांना तूप माफ केलं. गोरखला एकशे बारा किलोची सवय. त्याने ‘बहिरीच्या नावानं चांगभलं’ म्हणून सगळी ताकद लावली, आणि पालखी डोक्यावरून वर उडाली. ती थेट देवळाच्या घंटेला लागली. घंटा वाजली, नारळ गोरखच्या पोटात बसला आणि पुतळीआजीने हात जोडले. पालखीवर चरा नाही. घंटेवर आहे.

गावात फेरी निघाली. माणसं खूश, पोरी फोटो काढत होत्या, सत्तरीतले म्हातारेसुद्धा पुढे होऊन दांडीला हात लावून बघत होते. पण पुतळीआजीचं तोंड पडलेलं. तिने नूतनला विचारलं, “पालखी दारात जड होते तवा देव त्या घराकडं काय तरी मागतो, कळतं. ही एवढीशी हलकी, ही कधी जड व्हायची गो? देव आता बोलायचा कसा?” खरं सांगतो, मी टाकीची गळती थांबवली आहे, चिमणी उभी केली आहे, पण हे ऐकून मी नुसतं दांडीचं मागचं टोक घट्ट धरलं. फेरी पुढे गेली. आणि आपल्या घरासमोर, आपल्या कुलूप लावलेल्या दारासमोर, पालखी जड झाली. चौघांचे गुडघे वाकले. गोरखला घाम फुटला. एक पाऊल पुढे सरकेना. जनूकाकांनी नारळाला विचारलं, देवा काय पायजे, कुणाचा खांदा पायजे, या घरच्या थोरल्याचा काय, आणि तसं म्हणताच पालखी हलकी झाली. सगळ्या गावाने बघितलं. आजीबाई रडली. दर्शनाताईंनी तिथेच जाहीर केलं की यंदा उजवा खांदा रिकामा धरायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, देवाने बोलावलंय ते माणूस येईल.

तर अशी आमची पालखी. दादा, बढाई मारतोय असं वाटेल, आणि मारतोयच. मी आतापर्यंत तेजाबाच्या टाक्या केल्या, गटाराची झाकणं केली, संडासाची दारंही केली, आणि मला त्यांची लाज नाही. पण देव बसेल अशी वस्तू आपल्या घरातल्या माणसाच्या हातून झाली, याने मला इतका आनंद झालाय की तो मला एकट्याला उचलत नाही. आप्पा असते तर त्यांना दाखवली असती. तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला लिहिलं. वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि औषधं वेळेवर घ्या.

तुमचा,
दिनानाथ

ता. क. १. वर एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही. जो कोपरा साच्याबरोबर निघून आला, जिथून भुसा गळला, तो पुढचा उजवा होता. तुमचा. तीन वर्षांमागे त्या पायरीवर दांडी खोबणीत खचली होती, दादा. गुडघा तुमचा वाकला तो पालखी कलल्यानंतर. मी तेव्हा मागेच होतो आणि मलाही वाटलं होतं की गुडघ्याने दगा दिला. गावाने तुम्हाला कधी दोष दिला नाही, तो तुम्हीच स्वतःला दिलात आणि पेणला जाऊन बसलात. मला फार वाईट वाटतं की मी तेव्हा लाकडात बोट घालून पाहिलं नाही. तो कोपरा मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. तुमच्या हातात द्यायचाय.

ता. क. २. गुरुवारी सकाळी मी टेम्पो घेऊन पेणला येतोय. टेम्पोत न्हाणीघराचा दरवाजा आहे, माप वहिनींनी मला गेल्याच महिन्यात कळवलं होतं. (त्यांना रागावू नका, त्या आत अडकल्या असतानाच त्यांनी फोन केला होता.) दरवाजा उतरवून बसवायला दोन तास लागतील. परतताना टेम्पो रिकामा असेल. त्यात तुमची बॅग वहिनी भरून ठेवणार आहेत. चौघांत वाटले तर पालखीचे सात किलो, वर मुखवट्याचे तीन-चार, धरून चला तुमच्या वाट्याला अकरा. तेवढी तर तुमची बाजाराची पिशवी असते. ही पालखी मी गावासाठी केली असं बैठकीत सांगितलं. ते खोटं आहे.

ता. क. ३. आता पोटात राहवत नाही म्हणून लिहितो, पण हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका. आपल्या दारासमोर पालखी जड झाली ती दांडीच्या मागच्या टोकाला मी लोंबकळलो म्हणून. पाय उचलून घेतले होते. ब्याऐंशी किलो. जनूकाकांनी ‘थोरल्याचा’ म्हणताच पाय टेकले. एकोणतीस किलोची पालखी आपण होऊन जड होईल यावर माझा विश्वास नव्हता आणि पौर्णिमेला दिवस थोडे उरलेत. नूतनने पाहिलं. त्या दिवसापासून ती माझ्या भातावर तूप वाढत नाही.

ता. क. ४. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आत्ता शेडमध्ये कृष्णा सदरा बदलत होता तर त्याच्या उजव्या खांद्यावर लाल वळ. विचारलं तर म्हणाला, “परवाचा हाय शेठ. सरांच्या दारात खांदा असा दबला, वाटलं मोडतोय. मागनं नाय, पुढनंच जड झाली व्हती.” मी लोंबकळलो होतो हे त्याला माहीत नाही. मागच्या टोकाला वजन टाकलं तर पुढचं टोक जड होत नाही, दादा, झालंच तर हलकं होतं. तीस वर्षं वजनं करतोय, पण हे गणित मला सुटत नाही. तुम्ही गणिताचे मास्तर आहात, येऊन त्या जागी उभे राहा आणि सोडवून द्या.